चार हेडचं मार्टिनडेल : नऊ महिने वापरल्यानंतर

आमच्या युनिटमध्ये मार्टिनडेल, म्हणजे कापड घासून ते किती टिकतं हे बघायचं मशीन, आलं ते एका परत आलेल्या लॉटमुळे. गणवेशाचं कापड होतं, पॉलिस्टर-कॉटन. करारात २०,००० रब (घासण्याच्या फेऱ्या) लिहिलेले, आणि खरेदीदाराच्या लॅबमध्ये १४,००० लाच धागे तुटले. आमच्याकडे उत्तर द्यायला कागदच नव्हता. इचलकरंजीत निम्मे लोक बघतात तसंच आम्हीही कापड बघायचो: चिमटीत चोळायचं, उजेडासमोर धरायचं, नखानं ओढून बघायचं. दुसऱ्याच आठवड्यात मालकांनी ऑर्डर दिली. देशी बनावटीचं, चार हेडचं, म्हणजे एका वेळी चार नमुने लागतात असं.

मशीनबद्दल तक्रार जवळपास नाही, हे आधीच सांगतो. लोकरीच्या कापडावर नमुना घासत फिरतो. ते फिरणं सरळ रेषेत नसतं, लिसाजू आकृतीत, म्हणजे दिशा बदलत जाणाऱ्या वळणदार रेषेत असतं, म्हणून ताणा आणि बाणा दोन्हीला सगळ्या दिशांनी घासणी बसते. सोळा रबांत एक आकृती पुरी होते. पहिल्या दिवशी आम्ही सगळे ते फिरणं बघत उभे होतो, जत्रेतला पाळणा बघावा तसे. वेग मिनिटाला साडेसत्तेचाळीस, म्हणजे २०,००० रबांना सात तास. सकाळी साडेनऊला लावलं की संध्याकाळपर्यंत गुंतलात. घेण्याआधी हा हिशोब आम्ही केलाच नव्हता. एका दिवसात चार नमुने, बस्स.

त्यात 'लावलं आणि विसरलं' असंही नाही. ५,००० च्या पुढे दर २,००० रबांनी थांबवून भिंगाखाली बघावं लागतं. मागावर विणलेल्या कापडात दोन धागे पूर्ण तुटले की चाचणी संपली. होजिअरीत एकच धागा पुरे. 'पूर्ण तुटला' की नुसता झिजून पांढरा पडलाय, यावर माझं आणि आमच्या पोरांचं पहिले दोन महिने रोज भांडण. शेवटी तुटलेल्या, अर्धवट झिजलेल्या आणि चांगल्या धाग्यांचे नमुने पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टांगले. ते पाच रुपयांचं काम लॅबमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

खर्चाचं खरं दुखणं मशीनमध्ये नाही, त्याच्या खाऊत आहे. घासायचं लोकरीचं कापड प्रत्येक चाचणीला नवं, आणि चाचणी लांबली तर ५०,००० रबांनंतर बदलायचं. खाली नमदा (दाबून केलेली जाड लोकर), आणि नमुन्याचं वजन चौरस मीटरला ५०० ग्रॅमच्या आत असेल तर मागे फोम. आमचा जवळजवळ सगळा माल त्याच्या आतलाच. तीन महिन्यांची बिलं बघून मालक म्हणाले, "मशीन एकदाच घेतलं रं, ही लोकर मात्र जन्माची लागली की मागं." मग वाचवायचा मोह झाला. एकदा वापरलेली लोकर बाजू बदलून लावली. त्या नमुन्याचा आकडा २६,००० आला आणि आम्ही खूश! नव्या लोकरीवर तोच तागा १९,००० वर संपला. पुन्हा तो उद्योग केला नाही.

दुसरी चूक वजनाची. कपड्याच्या मालाला ९ किलोपास्कल दाब, म्हणजे एकूण ५९५ ग्रॅम. सोफ्याच्या कापडाला १२, म्हणजे ७९५ ग्रॅम. नव्या पोरानं शर्टिंगवर जड वजनं चढवली आणि अख्ख्या दिवसाचे चारही नमुने वाया. आता जड वजनांवर लाल ऑइलपेंटचा पट्टा आहे.

पावसाळ्यात मात्र जीव मेटाकुटीला आला. नमुने ६५ टक्के आर्द्रतेत मुरवायला हवेत; तापमान भारतीय मानकात २७ अंश, आंतरराष्ट्रीय मानकात २०. आमची खोली सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या) शेडला लागून. जुलैत आर्द्रतेचा काटा ८० च्या खाली यायचा नाही. एसी होता, पण नुसत्या एसीनं भागलं नाही, ओलावा ओढणारं यंत्र वेगळं घ्यावं लागलं. विक्रेत्यानं मशीन दाखवताना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. खोलीचा खर्च धरून किंमत विचारा, एवढं मी आता सगळ्यांना सांगतो.

बारीकसारीक: वीज गेली तरी काउंटर आकडा लक्षात ठेवतो, हे फार बरं. लोकर बसवताना वर दोन किलोचं वजन ठेवून मगच कडं आवळायचं, नाहीतर सुरकुती राहते आणि नमुना एकाच जागी झिजतो. पिलिंगची (कापडावर बारीक गोळे धरतात का याची) चाचणीही यावरच होते, पण त्याचे होल्डर वेगळे आणि फिरण्याचा आवाका लहान करावा लागतो. ती जुळवाजुळव करायला आम्हाला अजून पाऊण तास लागतो, म्हणून पिलिंगचे नमुने साठवून शनिवारीच लावतो.

आणि तो परत आलेला लॉट? त्याचा एक तागा जपून ठेवला होता. मशीन हाताखाली आल्यावर, नवी लोकर, बरोबर वजन, मुरवलेला नमुना, सगळं नीट करून लावला. १४,००० च्या फेरीत बघितलं तर चारपैकी तीन नमुन्यांचे धागे तुटलेले. मालकांना दाखवलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं, आणि त्या दिवशीच बाण्याचं सूत बदलायला सांगितलं.