गावातनं ये-जा की कोल्हापुरात खोली?

आमचं गाव परित्याच्या पुढं, भोगावतीच्या काठाला. नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, लेथवर. सहा वर्षं गावातनं ये-जा केली, आता चौथं वर्ष फुलेवाडीत भाड्यानं राहतोय.

पैशाचं म्हणाल तर गावच भारी. घरचा तांदूळ, दारात म्हैस, दर दहा दिवसांनी दुधाचं बिल. शहरात कोथिंबिरीच्या पेंडीलाही खिशात हात घालावा लागतो. शाळा आणि दवाखान्यात शहर पुढं, त्यात वाद नाही.

माझं घोडं अडलं ते रात्रीच्या लाईटवर. शेतीच्या मोटरीची थ्री-फेज लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी लागली की बारा वाजता बॅटरी घेऊन मळ्यात जायचं. मोटर चालू करून उसाला पाणी लावायचं, आणि दुसरी सरी भरेपर्यंत लाईट गायब. मग बांधावर बसा. दहा मिनिटांत येईल, नाहीतर पहाटे चारला. घरी जावं तर नेमकी तेव्हाच येते. एकदा घोणस पायाखाली येता येता राहिली, पण खरं सांगतो, भीतीपेक्षा त्या बसून राहण्याचाच जास्त वैताग यायचा. सकाळी सातला मशीनवर डोळे मिटायचे. एके दिवशी चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जॉब (घडवायचा लोखंडी तुकडा) धरला आणि आवळायचाच विसरलो. शेजारच्या मशीनवरच्यानं ओरडून थांबवलं म्हणून वाचलो. त्याच महिन्यात रान चुलत्याला खंडानं दिलं आणि खोली बघितली.

आता सौर फीडरमुळं, म्हणजे शेतीला सौरऊर्जेची वीज देणाऱ्या लाईनमुळं, काही गावांना दिवसा लाईट मिळायला लागलीय. तुमचं गाव त्यात असेल, किंवा घरात पाणी पाजायला दुसरं माणूस असेल, तर कदाचित ये-जाच बरी. पावसाळ्यात बंधारे पाण्याखाली गेले की गाडीला वळसा पडतो, पण ते चार दिवसांचं. नोकरी आणि शेती दोन्ही एकट्याच्या अंगावर असेल तर मात्र माझ्या मते फार विचार करू नका.

खोली बघताना भाड्याआधी 2019 आणि 2021 ला महापुराचं पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. मालकाला नको, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोक्याची पातळी लागते. नदीकडच्या गल्लीत राहणार असाल तर हा आकडा पाठच करून ठेवा.

म्हशीची सवय तेवढी सुटली नाही. गंगावेशीत संध्याकाळी कट्ट्यावर जातो, समोर धार काढून दूध देतात, पैसे मोजून पितो. परवा एक म्हैस काही केल्या पान्हवेना. मी न विचारताच तिच्या पाठीवरनं हात फिरवायला लागलो. धार काढणाऱ्यानं वर न बघताच विचारलं, "पावणं, गाव कुठलं?"