बटण, मोबाइल की शंटिंग? मॉडेल रेल्वे पाहुण्यांच्या हाती देण्याआधी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मॉडेल रेल्वेचं लेआउट मांडलं की पहिल्या तासाभरात एक प्रश्न हमखास येतो: "काका, मी चालवू का?" पुढे दोरी बांधून "हात नको लावू रे" म्हणत दिवस काढता येतो. आम्ही पहिल्या वर्षी तसाच काढला. संध्याकाळी घसा बसला आणि मुलंही हिरमुसली. त्यानंतरच्या तीन हिवाळ्यांत बटणं, मोबाइल आणि शंटिंगचा, म्हणजे मालगाडीचे डबे मागेपुढे हलवून ठरल्या क्रमाने लावण्याचा खेळ, असं तिन्ही करून पाहिलं. कुणी आता याच विचारात असेल तर माझा कौल आधीच सांगून टाकतो. स्टॉलवर दोनच माणसं असतील तर फक्त बटणं ठेवा. तिसरं माणूस मिळालं तर बटणांच्या शेजारी शंटिंग मांडा. पाहुण्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर गाडी देण्याच्या भानगडीत मात्र पडू नका.

खर्च आणि वायरिंग यांचा हिशोब सगळेच करतात. मी त्याआधी एक गोष्ट विचारतो: मुलाचा नंबर संपतो कसा, आणि तो संपवतो कोण? रांगेत चाळीस पोरं उभी असताना "आता पुरे" हे तुम्हाला म्हणावं लागत असेल, तर ती मांडणी चुकली.

आमचं लेआउट आठ फूट बाय दोन फुटांचं आहे, सातपुड्यातल्या छोट्या लाइनीवरचं एक मनातलं स्टेशन. छोटी लाइन निवडण्यामागे प्रेम आहेच, पण गणितही आहे. छोट्या लाइनीचं, म्हणजे नॅरोगेजचं, रुळांमधलं ७६२ मिलिमीटरचं अंतर १:८७ प्रमाणात ८.७६ मिलिमीटर होतं आणि बाजारात ९ मिलिमीटरचा एन गेज रूळ तयार मिळतो. उलट आपलं ब्रॉडगेज त्याच प्रमाणात १९.३ मिलिमीटर भरतं, पण त्या प्रमाणाचा तयार रूळ, ज्याला एचओ म्हणतात, तो १६.५चाच. म्हणजे भारतीय रेल्वे मॉडेलमध्ये आणताना छोटी लाइनच जास्त खरी उतरते. असो.

बटणं

पहिल्या खेपेला आम्ही साधा पुश बटण गाडीच्या वीजपुरवठ्यातच जोडला होता. दाबून धरलं की गाडी चालायची, सोडलं की थांबायची. एका पोराने तो पाच मिनिटं सोडलाच नाही, आणि का सोडावा? नंबर संपायची सोयच नव्हती. पुढच्या खेपेला एका बटणावर टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाचा सिग्नल लावला. तिथे उलटंच झालं. मुलं बटण दाबायची आणि काय झालं ते न बघताच पुढे पळायची.

आता असं आहे: बटण पेटलेलं असेल तेव्हाच चालतं. दाबलं की विझतं, लगेच बटणाच्या अगदी समोरचं फाटक पडायला लागतं, घंटा वाजते, बोगद्यातून गाडी येते, फाटक ओलांडून जाते, फाटक वर होतं आणि बटण पुन्हा पेटतं. एकूण चाळीस सेकंद. मधल्या वेळात कितीही बडवलं तरी हे सगळं चालवणारा छोटा सर्किट बोर्ड, आर्डुइनो, तिकडे लक्ष देत नाही. वाचता न येणाऱ्या मुलालाही हे न सांगता कळतं आणि मागचा स्वतःच म्हणतो, "आता माझा नंबर."

सामान नागपुरात बर्डीवरच्या बाजारात मिळतं: व्हिडिओ गेमच्या मशीनला असतात तसली मोठी गोल बटणं, एक आर्डुइनो, फाटकासाठी ठरलेल्या कोनात फिरणारी छोटी सर्व्हो मोटर. तिन्ही पर्यायांत हा सगळ्यात स्वस्त. एकच सावधगिरी. गाडी ओळखायला आम्ही आधी इन्फ्रारेड सेन्सर लावले होते. घरी उत्तम चालले. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीतून तीन वाजता ऊन आलं आणि सेन्सर आंधळे झाले, कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. "काका, हे काऊन नाही चालून रायलं?" याला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता इंजिनाच्या पोटाला लोहचुंबक आणि रुळांखाली रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच, आहे. त्याला उन्हाशी काही देणंघेणं नाही.

जर्मनीतल्या हॅम्बुर्गला मिनिआटूर वुंडरलँड हे २००१ साली सुरू झालेलं भलंमोठं मॉडेल रेल्वे प्रदर्शन आहे. तिथे पाहुण्यांसाठी दोनशेवर बटणं आहेत. त्यातलं एक दाबलं की चॉकलेटचा छोटा कारखाना चालू होतो आणि शेवटी खरंखुरं चॉकलेट हातात पडतं. नंबर संपल्याची याहून गोड खूण मला सुचलेली नाही.

मोबाइल

कागदावर हाच पर्याय सगळ्यात आकर्षक. डीसीसी या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनात हुकूम ओळखणारा डिकोडर असतो, रुळांवर कायम वीज असते आणि हुकूम इंजिनाच्या नंबरावर जातो. वायफायवरून मोबाइलच थ्रॉटल, म्हणजे वेग कमीजास्त करायचं यंत्र, होतो. क्यूआर कोड लावा, लोक स्कॅन करतील, गाडी चालवतील, असा आमचा हिशोब होता.

प्रत्यक्षात आमच्या राउटरला इंटरनेट नव्हतं. वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि गाडीशी संबंध तुटतो. त्यात ॲप उतरवून घेणं, परवानग्या देणं, हॉलमधल्या शेकडो फोनांची २.४ गिगाहर्ट्झवरची गर्दी. आई फोनशी झटते आणि लेकरू कंटाळून दुसऱ्या स्टॉलकडे जातं. शिवाय फोन ज्याचा, नंबर त्याचा. त्याला उठवणार कसं?

स्टॉलचा स्वतःचा एक टॅब ठेवला तर गोष्ट जमण्यासारखी होते. जेएमआरआय हे कॉम्प्युटरवरून मॉडेल रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेलं थ्रॉटल ॲप वापरत असाल तर संपर्क तुटल्यावर इंजिन आपोआप थांबवण्याची सोय चालू ठेवा. डिकोडरमधल्या सेटिंगना सीव्ही म्हणतात; त्यातला सीव्ही ५ खाली आणा, म्हणजे कमाल वेग आवाक्यात राहतो, आणि सीव्ही ३ व ४ वाढवा, म्हणजे गाडी हिसका न देता सुटते आणि थांबते. एवढं करूनही एक गोष्ट मला सलतेच: मूल टॅबकडे बघतं, गाडीकडे नाही. आणि आवाजासह डीसीसी इंजिन सहज पाच आकडी रकमेत जातं. ते टेबलावरून पडलं तर दिवसभर जेवण गोड लागत नाही.

शंटिंगचा खेळ

माझा जीव यात आहे. ॲलन राइट या इंग्रज हौशी माणसाच्या इंगलनुक सायडिंग्ज नावाच्या लेआउटवरून हा प्रकार रूढ झाला. एक इंजिन, रूळ बदलायचे दोन पॉइंट, तीन सायडिंग म्हणजे बाजूचे बंद रूळ. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी (मालडबे) मावतात, बाकी दोहोंत तीन-तीन, आणि पुढच्या तुकड्यावर इंजिन आणि तीनच वाघिणी. आठांतल्या पाच वाघिणी चिठ्ठीत निघालेल्या क्रमाने लावायच्या. असे क्रम ६,७२० होतात, त्यामुळे पुढचा खेळाडू मागच्याची नक्कल करू शकत नाही.

प्रदर्शनात पूर्ण खेळाला आमच्याकडे दहा-बारा मिनिटं लागायची. म्हणून त्याचं धाकटं रूप केलं: सायडिंग तीन, दोन आणि दोन वाघिणींच्या, आणि पुढचा तुकडा इंजिन व दोन वाघिणींपुरता. पाच वाघिणींपैकी तिघींची गाडी लावायची. क्रम ६०, वेळ साधारण तीन मिनिटं. वाघिणींवर माल या भागातलाच: कोळसा, मँगनीज, सागवान, कापूस आणि संत्री. मूल डब्यातून तीन चिठ्ठ्या काढतं, "संत्री, कोळसा, कापूस" असं मोठ्याने वाचतं आणि कामाला लागतं. गाडी जुळली की आम्ही हिरवी झेंडी दाखवतो. नंबर तिथे संपतो, तोही जिंकून. कुणी हट्ट करत नाही.

याला तोटे आहेत. शेजारी जाणतं माणूस सतत लागतं. ९ मिलिमीटरच्या इवल्या कपलिंगशी मुलांची बोटं झगडतात, म्हणून हा तुकडा आम्ही १६.५च्या रुळावर वेगळा केला आणि वाघिणी सोडवायला बांबूची काडी दिली. शिवाय एका वेळी एकच मूल खेळतं. पण बघणारे दहाजण "अरे, आधी कापूस मागे टाक ना!" म्हणून ओरडत असतात, तेव्हा खेळतात खरं तर अकराजण.

इंजिनावर छोटा कॅमेरा लावून पडद्यावर चालकाचं दृश्य दाखवणं सोपं आहे, गर्दीही जमते, पण करायला काही नाही. माहितीचे क्यूआर कोड आमच्याकडे जवळजवळ कुणी स्कॅन केले नाहीत. टेबल मात्र मोठ्यांच्या छातीएवढं उंच ठेवू नका. पाच वर्षांच्या मुलाची नजर साधारण एक मीटरवर असते.

तिसरं माणूस निवडताना वायरिंगवाला नको, बोलका बघा. नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी छोटी लाइन २०१५ला बंद झाली, नागभीडची २०१९ला. त्या गाडीने गेलेले आजी-आजोबा नातवंडांचा हात धरून येतात. नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय त्यांनी पाहिलेलं असतं, तरी आमच्या टीचभर स्टेशनासमोर रेंगाळतात. "आजोबा, कुठे उतरायचे तुम्ही?" एवढं विचारायचं आणि नातवाच्या हातात चिठ्ठ्यांचा डबा द्यायचा.