जेलची फिल्म काचेवर ओतावी की पॉलिस्टायरीनवर?

घर्षण मोजायला पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड या पाणी धरून ठेवणाऱ्या जेलची फिल्म करायची म्हटलं की सगळं लक्ष द्रावणावर जातं: ज्याच्या साखळ्या बनतात तो मोनोमर ७.५ टक्के, साखळ्या एकमेकींना जोडणारं बिस ०.३, साखळ्या वाढायला सुरुवात करून देणारे एपीएस आणि टेमेड प्रत्येकी ०.१५. साचा हाताला येईल तो घेतला जातो. पण पृष्ठभाग कसा होणार, हे साचाच ठरवतो.

काचेला टेकून जमलेल्या जेलची वीण वरपर्यंत घट्ट राहते. पॉलिस्टायरीनच्या बाजूला मात्र मोकळ्या टोकांच्या साखळ्यांचा विरळ थर येतो, काही मायक्रॉनचा. प्लास्टिकमध्ये मुरलेला ऑक्सिजन तिथली साखळी वाढूच देत नाही. एसडीएस-पेज करणाऱ्यांनी, म्हणजे अशाच जेलमधून प्रथिनं वेगळी करणाऱ्यांनी, खाचा पाडायच्या कंगव्याच्या दातांपाशी जेल अर्धवट जमलेलं पाहिलेलं असतं, तोच प्रकार. हा पाण्याने भरलेला थर कमालीचा निसरडा असतो. होक्काइडो विद्यापीठात जियान पिंग गोंग यांच्या गटाने २००१ मध्येच दाखवलं, की पाण्याशी फटकून राहणाऱ्या साच्यात केलेल्या जेलचा घर्षणांक ०.००१ च्याही खाली जाऊ शकतो.

नुसता निसरडेपणा हवा असेल, तर प्लास्टिकला तोड नाही. पण द्रावणाच्या दोन पाककृतींची तुलना करायची असेल, तर ते फार छळतं. रात्रभर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा काढून घेतलेल्या डब्यात, ठेवलेली पॉलिस्टायरीनची पट्टी आणि टेबलावरून उचललेली पट्टी यांच्यावर एकाच बीकरमधलं द्रावण ओता; घर्षण वेगळं येतं. फिल्म दिसायला दोन्ही सारख्याच, स्वच्छ पारदर्शक. द्रावणातली हवा काढून भागत नाही, कारण ऑक्सिजन पट्टीच्या पोटात असतो. मग फरक बिसमुळे पडला की पट्टीमुळे, हे सांगता येत नाही. मी काचेकडे वळलो तो एवढ्यासाठीच.

काचेचाही त्रास आहे: फिल्म चिकटते. कोरडी ओढली तर वरचा थर फाटतो आणि मोजमाप त्या ओरखड्यांचं होतं. साचा पाण्यात बुडवून ठेवावा, कोपऱ्यातून पातळ पातं घालून पाणी आत शिरू द्यावं, फिल्म आपोआप सुटते. सिलेन या जोडणाऱ्या रसायनाने काचेला पक्की बांधलेली फिल्म पाणी शोषून फक्त जाडीतच फुगते. फार फुगली तर पृष्ठभागावर घड्या पडतात, त्या टाळायला हव्यात.

प्लास्टिकच घ्यायचं असेल, तर एकाच पाकिटातल्या पट्ट्या घेऊन त्या ओतण्याआधी सारखाच वेळ हवेत ठेवाव्यात. आणि एक कोपरा तिरपा कापावा. फुगल्यावर प्लास्टिककडची बाजू कोणती, ते ओळखू येत नाही.