पंपावर डेबिट दाबलं आणि घरभाड्याचे पैसे गेले

ऑगस्टमध्ये ज्यांची पोरं एमएसला अमेरिकेत येणार आहेत त्यांनी हे पोरांना वाचायला लावा, लांबलंय पण कामाचं आहे. आम्ही इथे न्यू जर्सीत बरीच वर्षं आहोत, ताईचा मुलगा गेल्या वर्षी शिकायला आला. त्याच्या बाबतीत जे झालं ते त्याला विचारूनच लिहितेय, नाव घालायचं नाही एवढीच त्याची अट.

मेमोरियल डेचा (मे अखेरच्या सोमवारची सुट्टी) लाँग वीकेंड होता, दोन गाड्या भरून पोरं नायगाराला निघाली (इथे आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षात नायगारा करतोच, नाही केलं तर व्हिसा काढून घेत असावेत). न्यू जर्सीत आपल्या हाताने पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी आहे, १९४९ पासून, पंपावरचा माणूस येऊन भरून देतो, त्यामुळे आमच्या पोराला पंपावरच्या मशीनशी कधी संबंधच आला नव्हता. पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनच्या आसपास हायवेवरून खाली उतरून एका पंपावर थांबले. बोर्डावर दोन भाव लावलेले, कॅश किंवा डेबिटचा एक आणि क्रेडिटचा गॅलनमागे दहा सेंट जास्त. पोरगं हिशोबी, आईवर गेलंय. बँकेचं डेबिट कार्ड घातलं, स्क्रीनवर प्रश्न आला डेबिट की क्रेडिट, याने डेबिट दाबलं, पिन टाकला, टाकी फुल्ल. सव्वा डॉलर वाचला असेल.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी रात्री हा आपल्या खोलीत झोपलेला, कार्ड पाकिटात, पाकीट पँटच्या खिशात. आणि खात्यातून रात्री ११:५१ ला ५०० डॉलर, मग १२:०७ ला परत ५०० डॉलर गेले, एकाच एटीएममधून. वेळ बघा जरा. त्याच्या कार्डाची एटीएमची मर्यादा दिवसाला ५०० होती, बारा वाजले की नवा दिवस, नवी मर्यादा. म्हणजे कुणीतरी मशीनसमोर सोळा मिनिटं निवांत उभं राहून बारा वाजायची वाट बघितली. आणि शनिवारी सकाळी एका मोठ्या दुकानात ३८६ डॉलर, तेही पिन टाकून, बहुतेक गिफ्ट कार्डं घेतली असणार कारण त्यांचा माग लागत नाही. याला पत्ता लागला दुपारी, इंडियन ग्रोसरीत तांदूळ आणि हिरव्या मिरच्या घेऊन काउंटरवर उभा होता तेव्हा कार्ड डिक्लाइन झालं. मागे रांग, याने परत घातलं, परत डिक्लाइन. अ‍ॅप उघडून बघतो तर खात्यात एकसष्ट डॉलर. आणि सोमवारी एक तारीख, घरभाडं जायचं. ते पैसे म्हणजे जिजाजींनी एज्युकेशन लोनमधून पाठवलेले होते, ज्यावर तिकडे नाशिकला व्याज चालू आहे.

ताईचा फोन आला तर पहिला प्रश्न, "ओटीपी कुणाला सांगितलास का रे?" बिचारा म्हणतो आई ओटीपी आलाच नाही. तिला काही केल्या पटेना की ओटीपी न येता पैसे जातील कसे. आपल्याकडच्या सगळ्यांचाच असा गोड समज असतो म्हणून सांगते, इथे कार्डाला ओटीपीची भानगड बहुतेक ठिकाणी नाहीच. ऑनलाइन खरेदीला कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे दिले की काम झालं. आणि एटीएमला तर काय, कार्डामागची काळी पट्टी आणि पिन, तेवढं दोन्ही हातात असलं की खातं मोकळं.

पट्टी आणि पिन त्यांच्या हातात आलं कसं, तर स्किमर. पंपाच्या मशीनमध्ये कार्ड घालायच्या खाचेवर किंवा दार उघडून आतल्या वायरींना एक छोटं यंत्र लावून ठेवतात, ते कार्डाच्या मागच्या काळ्या पट्टीवरची सगळी माहिती उतरवून घेतं. पिनसाठी वर बारीक कॅमेरा नाहीतर बटणांवर खोटा कीपॅड. आणि मग कोऱ्या कार्डावर ती पट्टी छापायची. कार्डातली चिप अशी छापता येत नाही, पट्टी येते, आणि पट्टी अजून जवळजवळ प्रत्येक कार्डावर आहे. दुकानांमध्ये चिपचं मशीन नसलं तर खोट्या कार्डाचं नुकसान दुकानदाराच्या गळ्यात, हा नियम ऑक्टोबर २०१५ पासून आला, पण पंपवाल्यांनी मशीन बदलायला खर्च येतो म्हणून मुदत वाढवून घेतली, ती एप्रिल २०२१ पर्यंत गेली. त्यानंतरही आडरस्त्याला जुनी मशीनं दिसतातच. बऱ्याच पंपांवर मशीनच्या दाराला नंबर असलेली चिकटपट्टी असते, फाटली असेल किंवा त्यावर व्हॉइड (रद्द) असं उमटलं असेल तर तिथे कार्ड घालूच नका. पण खरं सांगू, आतून लावलेला स्किमर बाहेरून कुणालाच दिसत नाही, चिकटपट्टी बघत बसण्यापेक्षा कुठलं कार्ड घालतोय ते बघा.

आता गंमत ऐका (गंमत कसली म्हणा). त्याच पंपावर दुसऱ्या गाडीतल्या मुलाने पण पेट्रोल भरलं होतं, तो तेलुगू मुलगा इथे दोन वर्षं राहिलेला, त्याच्याकडे क्रेडिट कार्ड होतं आणि दहा सेंटची त्याला फिकीर नव्हती. त्याच शनिवारी त्याला मेसेज आला, अमुक दुकानात २९० डॉलरची खरेदी तुम्ही केली का, हो किंवा नाही कळवा. त्याने नाही लिहिलं. कार्ड बंद, नवं पोस्टाने घरी, एक पैसा गेला नाही, त्याचं भाडं वेळेवर, त्याची झोप शाबूत. तोच पंप, तोच दिवस आणि बहुतेक तेच चोर, फरक फक्त एवढाच की त्याच्या कार्डामागे बँकेचे पैसे होते आणि आमच्याच्या मागे त्याचे स्वतःचे.

आमची वरात पुढे चालू. शनिवारीच बँकेला फोन केला, अर्धा तास ते संगीत ऐकल्यावर बाई आल्या, कार्ड बंद केलं, तक्रार नोंदवली म्हणाल्या. पोरगं निर्धास्त. मी म्हटलं थांब, ईमेल बघ, तर स्पॅममध्ये बँकेचा फॉर्म पडलेला. हे लक्षात ठेवा, फोनवरची तक्रार बँक लेखी मागू शकते आणि ते दहा कामाच्या दिवसांत दिलं नाही तर तपास लांबला तरी मधल्या काळात तात्पुरते पैसे खात्यात टाकायला बँक बांधील राहत नाही. फॉर्म भरला, पोलिसांत रिपोर्ट केला, त्याचा नंबर त्यात घातला. तोवर सोमवारी भाड्याचं पेमेंट बाउन्स झालं, बँकेची ३५ डॉलर फी, घरमालकाची ५० डॉलर लेट फी. भाडं मी भरलं. आणि आठवड्याने बँकेचं पत्र, व्यवहार बरोबर पिन टाकून झालेत, सबब तुमचा दावा नामंजूर.

म्हणजे जवळजवळ असंच की तूच काढले असशील, नाहीतर मित्राला पिन दिला असशील. पोराचा चेहरा बघवत नव्हता.

इथे मात्र मी भांडले. बँकेला लेखी एकच प्रश्न विचारला, तीनही व्यवहारांत मशीनने चिप वाचली की पट्टी, ते रेकॉर्ड द्या. कारण खरं कार्ड असतं तर चिपच्या मशीनने चिपच वाचली असती, पट्टी वाचली म्हणजे बहुधा कार्ड नकली. शिवाय ते एटीएम ज्या शहरात होतं तिथे त्या रात्री हा नव्हता याचा पुरावा, दुसऱ्या मुलाच्या बँकेचा मेसेज, सगळं जोडलं. १९७८ चा इथला जो कायदा आहे इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा, त्यात व्यवहार ग्राहकाने केला हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, ग्राहकावर नाही, आणि बरोबर पिन पडला एवढ्यावर ते सिद्ध होत नाही. सोबत सीएफपीबी म्हणून सरकारी कार्यालय आहे ग्राहकांच्या तक्रारींचं, तिथे ऑनलाइन तक्रार टाकली. त्यानंतर बँकेचा सूर एकदम बदलला, फेरतपास झाला आणि पैसे आले, ३५ ची फी पण परत दिली. घरमालकाने त्याचे ५० काही दिले नाहीत, त्याचं म्हणणं मला काय त्याचं.

कायद्याचं थोडं समजून घ्या कारण इथेच लोक गोंधळतात. क्रेडिट कार्डावर कुणी परस्पर खर्च केला तर तुमची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर, आणि प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या तेही घेत नाहीत. डेबिट कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं तर दोन कामाच्या दिवसांत कळवा, ५० पर्यंत, उशीर केला तर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवस उलटून गेले तर त्यानंतर जे जाईल त्याला मर्यादाच नाही. कार्ड तुमच्याकडेच आहे आणि फक्त माहिती चोरली तर ६० दिवसांत कळवलं की तुमच्यावर काही येत नाही, म्हणजे कागदावर आमचा मुलगा पहिल्या दिवसापासून सुरक्षित होता. पण कागदावर सुरक्षित असून भाडं भरता येत नाही ना. दहा कामाचे दिवस तपासाला, लांबला तर ४५ दिवस, दुकानातल्या डेबिटच्या खरेदीला ९० पर्यंत, आणि खातं उघडून महिनाही झाला नसेल तर त्या दहाचे वीस होतात, नवीन पोरांनो बघा. क्रेडिटमध्ये हे भांडण बिलावरच्या एका आकड्यावर चालतं आणि तो आकडा वादात असेपर्यंत भरायचा नसतो.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज, जो मी अगदी दहा-दहा वर्षं इथे राहिलेल्या लोकांकडून पण ऐकलाय. मशीन विचारतं डेबिट की क्रेडिट, तेव्हा डेबिट कार्ड घालून क्रेडिट दाबलं म्हणजे ते क्रेडिट कार्ड झालं असं होत नाही!! पैसे तुमच्याच खात्यातून जातात, फक्त रस्ता बदलतो, पिनच्या ऐवजी व्हिसा नाहीतर मास्टरकार्डच्या वाटेने जातात. फायदा एवढाच की पिन टाकावा लागत नाही, पंपावर बहुधा झिप कोड (आपल्या पत्त्याचा पोस्टाचा कोड) मागतो, त्यामुळे पट्टी चोरली तरी एटीएममधून कॅश निघत नाही. हा फायदा लहान नाही, हातात फक्त डेबिट कार्ड असेल तर पंपावर क्रेडिटच दाबा. पण बाकी संरक्षण क्रेडिट कार्डाचं मिळतं या भ्रमात राहू नका. अजून एक, पंप आधी कार्डावर रक्कम अडकवून ठेवतो, १७५ डॉलरपर्यंत, तुम्ही चाळीसचं भरलंत तरी. पिन टाकला तर सहसा लवकर सुटते, क्रेडिट दाबलं तर एखाद-दोन दिवस लटकते, आणि खात्यात दोनशेच असले तर तेवढ्यात दुसरं काहीतरी बाउन्स होतं. याला फसवणूक म्हणता येत नाही पण पोरं घाबरतात.

भारतात दुकानात पिन आणि ऑनलाइन ओटीपी असल्याने हा प्रकार असाच्या असा सहसा होत नाही, पण परदेशी साइटवर तिकडचं कार्डही ओटीपीशिवाय चालू शकतं. म्हणून अ‍ॅपमध्ये जाऊन इंटरनॅशनल वापर बंद ठेवा, ती सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून सगळ्यांना द्यायला लावलीय. तिकडे पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवा, २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याची असेल तर तेवढ्या मुदतीत तुमच्यावर काही येत नाही.

पोरं म्हणतात नव्याला इथे क्रेडिट कार्ड देतं कोण, क्रेडिट हिस्टरी (उधारी वेळेवर फेडल्याची नोंद) शून्य. खरंय, म्हणून सगळे डेबिटवर राहतात. पण सिक्युअर्ड कार्ड मिळतं, दोनशे-तीनशे डॉलर डिपॉझिट ठेवायचं, तेवढीच मर्यादा, वेळेवर भरत राहिलं की पुढे डिपॉझिट परत देऊन साधं कार्ड करून देतात. नाहीतर कुणी नातेवाईक असेल तर त्याच्या कार्डावर ऑथराइज्ड युजर व्हा, म्हणजे त्याच्याच खात्यावर तुमच्या नावाचं कार्ड, भाच्याला मी आता माझ्यावर घेतलंय. ऑटोपे पूर्ण बिलाचा लावा, मिनिममचा नाही, नाहीतर वीस टक्क्यांच्या वर व्याज चढतं. क्रेडिट कार्डाने एटीएममधून कॅश काढायची नाही, त्याला पहिल्या दिवसापासून व्याज. डेबिट कार्ड फक्त बँकेच्या स्वतःच्या एटीएमला, तेही हाताने बटणं झाकून. प्रत्येक व्यवहाराचा मेसेज चालू ठेवा, अगदी एका डॉलरचा. भाडं आणि फीचे पैसे दुसऱ्या खात्यात, ज्याला कार्डच जोडलेलं नाही. पंपावर टॅपची सोय असेल तर टॅप करा, त्यात दरवेळी नवा कोड जातो, चोराला त्याचा उपयोग नाही. आणि डेबिटचा स्वस्त भाव हवाच असेल तर सरळ आत जाऊन काउंटरवर कॅश द्या, बहुतेक ठिकाणी भाव तोच लावतात.