पालमेराची तोदोली बाग: शिल्पं शोधायला गेले आणि पानांचे देठ बघत बसले

आधीच सांगते, कंटेम्पररी आर्ट आणि संत्र्यांची बाग असं ऐकून झाडाझाडाखाली स्टीलचे गोळे नाहीतर निऑनचे दिवे बघायला मिळतील म्हणून निघणार असाल तर जरा थांबा. मीही तशीच गेले होते, फोन फुल चार्ज करून, फोटोत उठून दिसावं म्हणून लाल कुर्ता घालून वगैरे. फोटो फारसे काढलेच नाहीत.

तर तोदोली सिट्रस. स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला, गांदियाजवळच्या पालमेरा नावाच्या छोट्याशा गावात. ही बाग उभी केली विसेंत तोदोलीने, जो २००३ ते २०१० लंडनच्या टेट मॉडर्न या आर्ट म्युझियमचा डायरेक्टर होता, त्याआधी पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या सेराल्वेस म्युझियमचा, म्हणजे आर्टच्या दुनियेतला एकदम वरचा माणूस आणि घर मात्र संत्रीवाल्यांचं, याच गावातलं. झालं असं की आजूबाजूच्या बागा मोडून बांधकामं करायचा प्लॅन आला, आणि त्याच काळात तो फेरान आद्रिआ या शेफबरोबर फ्रान्समध्ये पेर्पिन्यांला एक नर्सरी बघायला गेला, तिथे लिंबूवर्गातली ढीगभर झाडं पण सगळी कुंड्यांत, कारण थंडी पडली की जपावी लागतात. याच्या डोक्यात आलं की अरे आमच्याकडे हे सगळं उघड्यावर जमिनीत येईल की! मग शेजारचे तुकडे विकत घेत सुटला. आज ४००हून जास्त जाती आहेत तिथे.

व्हॅलेन्सियाहून गांदियाची लोकल साधारण तासाभराची, एकदम आरामात. पुढच्या टॅक्सीवाल्याबद्दल न बोललेलं बरं, त्याने भलत्याच रस्त्याला उतरवलं आणि मी आणि माझी मैत्रीण अर्धा तास बागांच्या मधून तंगडतोड करत होतो. पण खरं सांगू का, ते चालणं झालं नसतं तर पुढचं निम्मं कळलं नसतं. एक बाग छान राखलेली, स्वच्छ, पाण्याचे पाट, आणि तिला लागूनच दुसरी सोडून दिलेली, फांद्या वाळून कोळ, गुडघाभर गवत, खाली संत्र्यांचा सडा आणि त्यावर माशा. तिकडे एकेकाची जमीन एवढी एवढीशी, भाव परवडत नाही, पोरं शेती करायला तयार नाहीत, मग बाग अशीच सुटते. हे बघून तोदोलीच्या फाटकातून आत गेलं की तो माणूस नक्की काय वाचवत बसलाय ते कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आत गाइडबरोबरच फिरायचं. आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं एक फळ दाखवलं नाही! नुसती पानं. मी मनात म्हटलं झालं, आता शाळा. पण ते भारी निघालं. पपनसाचं पान घ्या, देठाला दोन्ही बाजूंनी रुंद पंख असतात. थाई जेवणात टाकतात त्या मकरुत लिंबाचा पंख तर पानाएवढाच मोठा, दोन पानं टोकाला टोक चिकटवल्यासारखी दिसतात. संत्र्याच्या देठाला बारीक पट्टी. आणि महाळुंगाचा, म्हणजे त्या जाड सालीच्या मोठ्या लिंबाचा, देठ साफ, पंख म्हणून नाहीच. आता तिकडचं संत्रं (आपल्या मोसंबीसारखं) म्हणजे पपनस आणि मॅन्डरिन (आपल्या नागपुरी संत्र्यासारखं) यांच्या संकरातलं, पिवळं लेमन म्हणजे कडू संत्रं आणि महाळुंग यांचं पोर, त्यामुळे लेमनचा पंख अगदी नावापुरता उरलाय. म्हणजे खानदान देठावर लिहिलेलं असतं आणि आपण इतकी वर्षं फक्त पिळत आलो.

मग बुद्धाचा हात. महाळुंगाचीच एक जात, पिवळ्या बोटांचा झुबका, काही मिटलेली काही ताणलेली, अंगठा कुठला ते ठरवता येत नाही. कापून दाखवला तर आत पाकळ्या नाहीत, रस नाही, बी नाही, नुसता पांढरा गर आणि वास असा की मान आपोआप खाली जाते. मैत्रीण म्हणाली, "शिल्प हवं होतं ना तुला, हे घे." मी गप्प.

कशालाही आर्ट म्हणायच्या फॅशनचा मला मनापासून कंटाळा आहे, त्यामुळे 'बाग म्हणजेच म्युझियम' हे वाक्य मी आधी हसण्यावारी नेलं होतं. पण ओरिजिनल कुठलं आणि कॉपी कुठली, या म्युझियमवाल्यांच्या जुन्या भांडणावर तिथे वेगळाच उजेड पडतो. वॉशिंग्टन नेव्हल संत्र्याला बी नसतं, डोळा भरल्याशिवाय, म्हणजे त्याच्या फांदीवरचा कोंब दुसऱ्या झाडाच्या खोडात बसवून कलम केल्याशिवाय, नवीन झाड करता येत नाही, म्हणजे जगातलं कुठलंही वॉशिंग्टन नेव्हल उचला, ते ब्राझीलच्या बाहियातून निघालेलं तेच एक झाड आहे, फक्त दुसऱ्या झाडाच्या खुंटावर उभं. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला त्याचं १८७३मधलं झाड अजून जिवंत आहे म्हणे ओरिजिनल, पण ते पण कलमच! मला तिथे उभं राहून रोलोफ लाऊ या शिल्पकाराचा संत्र्यांचा पिरॅमिड आठवला, १९६७चा, सुमारे ५,८०० संत्री रचायची, येईल त्याने एक उचलायचं, ढीग आपोआप संपत जातो. पुढे टेटने ते काम कलेक्शनमध्ये घेतलं, म्हणजे घेतलं काय तर रचायची रीत, संत्री दर वेळी नवीन आणायची. कलमवाला पण तेच करतो, एका जातीचा डोळा जपतो, झाड दर वेळी नवीन. फरक इतकाच की त्याला काचेची पेटी लावता येत नाही, एका थंडीत किंवा एका रोगात कलेक्शनमधली वस्तू मरू शकते.

कोणासाठी नाही ते पण सांगते. तोडून टोपली भरायची हौस असेल, किंवा बरोबर लहान मुलं असतील ज्यांना पळायचंय, तर नको. गाइड बोलतो ते ऐकायचं, हुंगायचं, परत ऐकायचं, असा मामला आहे. ज्यांना झाडं आवडतात पण म्युझियममध्ये पाय दुखतात त्यांनी आधी जावं.

बुकिंग आधी करा, उठून गेलं असं होत नाही. फळं बघायची तर हिवाळा, आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा झाडं लगडलेली होती, पण फुलांचा वास हवा असेल तर वसंतात, म्हणजे मला परत जावं लागणार. बूट साधे घाला, पाणी दिलेलं असलं की माती चिकटते. आणि निघताना परफ्यूम अजिबात मारू नका, मी मारला होता, पहिली दहा झाडं मला माझाच वास येत होता.