व्हिसा फॉर्म भरून देणारं दुकान, सीताबर्डी: साडेतीन स्टार, अर्धा स्टार बायकोनं कापला

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण खाली काउंटरवरच्या पोराबद्दल थोडं वाकडं लिहिलंय आणि पोरगा मनानं चांगला आहे, माझ्यामुळे त्याची नोकरी जायला नको. बर्डीवर मेन रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान. ज्याला जायचंय तो विचारत विचारत पोचेलच.

काम असं होतं की मुलगी अमेरिकेत एमएस करून राहिली, तिचं कॉन्व्होकेशन आहे, म्हणून मी आणि बायको दोघांचा टुरिस्ट व्हिसा. आम्ही भरली तेव्हा सरकारी फी माणशी १८५ डॉलर होती, ती वेगळी, दुकानाचे फॉर्म भरून द्यायचे माणशी १२०० रुपये. डीएस-१६० नावाचा फॉर्म आहे, ऑनलाइन, घरी बसूनही भरता येतो असं मुलगी म्हणते, पण तिला काय माहीत, वीस मिनिटं हात थांबला की बाहेर फेकतो आणि आपण आत शोधत बसलेले असतो सासूबाईंची जन्मतारीख. दोन वेळा फेकला गेल्यावर मी १२०० द्यायला तयार झालो.

पोराचा टायपिंग स्पीड एक नंबर, मानलं पाहिजे. पाऊण तासात माझं शिक्षण, नोकरी, आईवडील, मागच्या पाच वर्षांतले परदेश प्रवास (एकही नाही) सगळं भरून झालं. शेवटी सिक्युरिटीचे प्रश्न येतात, एकापाठोपाठ एक, संसर्गाचा आजार आहे का, नशा करता का, अतिरेकी आहात का, आणि त्यातच एक, कुठल्याही गुन्ह्यासाठी तुम्हाला कधी अटक झाली का किंवा दोषी ठरवलं का, नंतर माफी मिळाली असली तरी सांगा. पोरगा धडाधड नो नो मारत चालला होता तो इथं थांबला. "काका, चालान-बिलान?"

बायको लगेच, "आहेत ना, तीन आहेत."

एक हेल्मेटचं आणि दोन झाशी राणी चौकातल्या सिग्नलचे. तिन्ही भरलेले, मोबाईलवरूनच. पोरानं एक्स-रे बघून डॉक्टर हलवतो तशी मान हलवली आणि म्हणाला मग येस करावं लागेल काका, दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला, कन्विक्शनच झालं ते, आणि वर एक अफिडेव्हिट जोडून टाकू, १५०० लागतील. माझं डोकंच सरकलं. सिग्नलच्या चालानावरून माणूस सजायाफ्ता होत असेल तर अर्ध्या नागपूरचा व्हिसा गेला. मी म्हटलं येसवर बोट ठेवू नको बे, बोर्डावर लिहिलंय ना कायदेशीर सल्ला मिळेल, कुठाय तुमचा वकील. तर म्हणे मॅडम मंगळवारी आणि शनिवारी चार वाजता येतात, त्यांचे ५०० वेगळे.

शनिवारी परत गेलो. मॅडम पाच वाजता आल्या. (एक पाव स्टार इथंच गेला.) सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतात, वय पन्नाशीच्या पुढं, बोलणं एकदम सरळ, आणि सगळ्यात मोठं म्हणजे घाबरवत नाहीत. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान फाडलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूला मधोमध रेघ मारली, एका बाजूला लिहिलं तडजोड, दुसऱ्या बाजूला कोर्ट. म्हणाल्या, पैसे किती भरले ते विसरा, कोणाला भरले आणि कसे भरले तेवढं सांगा.

तर चालान गेलं तडजोडीच्या बाजूला. मोटार वाहन कायदा १९८८, त्यातलं कलम २००. काही ठरावीक गुन्ह्यांत सरकारनं नेमलेला अधिकारी ठरलेली रक्कम घेऊन प्रकरण तिथंच मिटवू शकतो, आपण त्याला दंड म्हणतो पण कायद्याच्या भाषेत ते तडजोड शुल्क, आणि ते भरलं की त्या प्रकरणात पुढं कारवाई नाही. न्यायाधीशासमोर गेलं नाही, कोणी दोषी ठरवलं नाही, मग दोषसिद्धी आली कुठून. एक मेख मात्र आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तडजोड केलेला गुन्हाही पहिला म्हणून मोजतात, म्हणजे तोच गुन्हा परत केला की दुसऱ्यांदाचा दंड बसतो. माझ्या दुसऱ्या सिग्नलला रक्कम का वाढली होती ते मला तेव्हा कळलं, मी आजपर्यंत सिस्टीमला शिव्या देत होतो. लोकअदालतीत मिटवलेलं चालानही याच बाजूला, ती पण तडजोडच. पण दारू पिऊन गाडी चालवली तर ते कलम १८५, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, ते प्रकरण कोर्टातच जातं आणि तिथं दोषी ठरलात तर ती रीतसर दोषसिद्धी. कॅनडाला जाणाऱ्यांनी तर जास्तच जपा, तिथल्या सरकारनं डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवणं गंभीर गुन्ह्यांत टाकलंय.

पोरगा मागं उभा राहून ऐकत होता. मी त्याच्याकडं असं बघितलं की बस.

इथं उठून आलो असतो तर पाच स्टार दिले असते. पण मॅडमनी पेनाचं टोपण लावता लावता सहज विचारलं, "आणि तसं कधी पोलीस स्टेशनला नेलं होतं का? कोर्टात उभं राहिलात कधी?"

बायको म्हणाली, "छे, यांना काय."

मी काही बोललो नाही. मॅडमनी टोपण परत काढलं.

आता सांगतोच. २००६ साली, पोळ्याच्या दिवशी. आमच्याकडं पोळ्याला पत्ते कुटतात हे विदर्भात कोणाला समजवायची गरज नाही, बैलाची पूजा झाली, पुरणपोळी खाल्ली की दुपारपासून जो तो घोळक्यात. आम्ही सात जण वस्तीच्या मैदानाच्या कोपऱ्यात लिंबाखाली चादर टाकून तीन पत्ती खेळत होतो, पाच-पाच दहा-दहा रुपयांची बाजी, आणि पोलिसांची गाडी आली. पाच जण पळाले. मी आणि शेजारचा एक जण नाही पळालो कारण आमच्या चपला चादरीच्या पलीकडच्या बाजूला होत्या आणि माझी चप्पल नवी होती. ठाण्यात नेलं, नाव लिहिलं, पत्ते आणि चादरीवरचे पैसे जप्त, रात्री मामा येऊन जामीन राहिला. काही दिवसांनी कोर्टात. बाहेर कोणीतरी सांगितलं की वकील कशाला करता, साहेब विचारतील तर कबूल आहे म्हणायचं, दंड भरायचा, सुट्टी. मी म्हटलं कबूल आहे. दोनशे रुपये. पावती घेतली, बाहेर येऊन दोघांनी तर्री पोहा खाल्ला आणि विषय संपला, निदान माझ्यासाठी तरी एकोणीस वर्षं संपलेला होता.

मॅडमनी ते दुसऱ्या बाजूला लिहिलं. कोर्ट. म्हणाल्या, ही मात्र दोषसिद्धी. जुगार कायदा १८८७ चा आहे, त्यात सार्वजनिक जागी पैसे लावून खेळणं हा गुन्हा, पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात. तुम्ही कबूल म्हणालात की मॅजिस्ट्रेट ती कबुली नोंदवतात आणि तिच्यावरूनच दोषी ठरवू शकतात, तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २५२ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आली त्यात २७५. दंड झाला म्हणजे आधी दोषी ठरवलंच, त्याशिवाय दंड करता येत नाही. दोनशे असो की दोन लाख. आणि मामा जामीन राहिला म्हणजे अटकही झाली, नाहीतर जामीन कशाचा.

मी म्हटलं मॅडम, तीन चालानांचे मिळून यापेक्षा कितीतरी जास्त भरले मी. त्या म्हणाल्या म्हणूनच म्हटलं ना, रक्कम विसरा.

हे मला खरंच कोणीच कधी सांगितलं नव्हतं. कोर्टाच्या बाहेर चहावाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळे सांगतात की कबूल कर आणि मोकळा हो, आणि माणूस खरोखर मोकळा होतो, त्याच दिवशी घरी येतो, कोणी त्याला आरोपी म्हणत नाही, पण ज्या कागदावर मोकळा होतो तो कागद म्हणजे दोषी असल्याचा निकाल असतो. मी तर लोकांना सांगत आलो की आपल्यावर आयुष्यात एक केस नाही.

बायकोचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता पण मी बघितला नाही.

मग घाबरून पहिला प्रश्न मी हा विचारला की पासपोर्ट रद्द होईल का. नाही. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६ प्रमाणे मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून कमीत कमी दोन वर्षांची कैद झाली असेल तर पासपोर्ट नाकारतात, दोनशे रुपयांच्या दंडाला कोणी विचारत नाही. तिथं खरी अडचण चालू खटल्याची. म्हणजे गंमत बघा, निकाल लागून दोषी ठरलेल्या माझ्यासारख्याचा पासपोर्ट सुखरूप, आणि ज्याची केस नुसती कोर्टात पडून आहे त्याला मात्र कोर्टाची परवानगी आणायला पळावं लागतं.

पोरगा मधेच म्हणाला, "काका लिहू नका ना, २००६ चं कोण बघून राहिलं." ईमानदारीत सांगतो, मला पण तेच वाटत होतं. मॅडम त्याच्यावर अशा भडकल्या की खालचा चपलावाला वर बघायला आला असता. म्हणाल्या, किरकोळ गुन्ह्यासाठी अमेरिकेच्या कायद्यात सूट आहे, ज्याची जास्तीत जास्त शिक्षा एक वर्षाच्या वर नाही आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांच्या वर झाली नाही असा एखादा गुन्हा ते सोडून देतात, पण जाणूनबुजून खोटं सांगून व्हिसा मागितला असं ठरलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं. आणि प्रश्न नीट वाच, गंभीर गुन्हा केला का असं विचारलंय का? अटक झाली का, दोषी ठरले का, एवढंच विचारलंय. येस. खाली खुलासा चार ओळींत. वर्ष, कायदा, कबुली, दंड भरला. अफिडेव्हिट कशाला लागतंय?

तर १५०० वाचले, हे दुकानाच्या खात्यात जमा धरा की वजा ते तुम्हीच ठरवा.

आमच्यानंतर एक पोरगं बसलं होतं, हिंगण्याकडचं, पोलीस भरतीची तयारी करणारं, त्याच्यावर २०२० च्या लॉकडाउनमधलं कलम १८८, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याची केस. मॅडमनी त्याला पहिलं हेच सांगितलं की आधी केसचं काय झालं ते शोध, सरकारनं तसले खटले मागं घ्यायचं ठरवलं होतं पण तुझा घेतला का ते कागदावर बघ, आणि पडताळणीच्या फॉर्ममध्ये विचारलं असेल तर लपवू नको. २०१६ चा सुप्रीम कोर्टाचा अवतार सिंग निकाल आहे म्हणे, त्यात कोर्टानं म्हटलंय की तरुणपणी घोषणा दिल्या वगैरे असला किरकोळ मामला असेल तर लपवलेलं माफ करायचं की नाही हे नोकरी देणारा ठरवू शकतो. ठरवू शकतो, ठरवेलच असं नाही. पोरानं सगळं मोबाईलमध्ये टाइप करून घेतलं. त्याच्याकडून मॅडमनी ५०० घेतले नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलं.

पुढचं काम म्हणजे जुन्या निकालाची नक्कल. त्यासाठी अर्ज मॅडमच्या ज्युनिअरनं करून दिला, ६०० घेतले, दोन आठवडे गेले आणि उत्तर आलं की एवढ्या जुन्या किरकोळ प्रकरणाचं रेकॉर्ड नियमाप्रमाणे नष्ट केलंय. मॅडम म्हणाल्या तेच उत्तर जपून ठेवा, विचारलं तर दाखवायचं. म्हणजे सरकारदरबारी कागद उरला नाही, पण मला मात्र येस लिहायचंय. इंटरव्ह्यू मुंबईला आहे, तारीख मिळालीय, व्हिसा मिळतो की नाही ते तेव्हाच कळेल, त्यामुळे निकाल बघून रिव्ह्यू लिहा असं कोणी म्हणू नका, मला आत्ताच लिहायचं होतं.

बाकी दुकान ठीकठाक. झेरॉक्स पाच रुपये पान, बाहेर गल्लीत दोन रुपये आहे, घरूनच काढून न्या. फोटो ते काढतात पण पांढऱ्या पडद्यावर सुरकुत्या आहेत, माझा फोटो वेबसाइटनं दोनदा परत पाठवला. एसी आहे, तो काउंटरकडं तोंड करून आहे, गिऱ्हाईकाला पंखा. पार्किंग नाही, गाडी लांब लावा आणि चालत या, नाहीतर चौथं चालान. पोराला टायपिंगसाठी पूर्ण मार्क, कायदा त्याला विचारू नका. मॅडमना पाचपैकी पाच, उशिरा आल्या तरी.

अर्धा स्टार बायकोनं कापायला लावला. तिचं म्हणणं, दुकानात बसायला दोनच खुर्च्या, त्यामुळे असल्या गोष्टी बायकोच्या शेजारी बसूनच कबूल कराव्या लागतात, वेगळी खोली पाहिजे. मी म्हटलं त्यात तुझा काय तोटा झाला, तर म्हणे तोटा नाही, मला नीट ऐकू आलं नाही, शेवटच्या डावात पत्ते काय होते तुमच्याकडं.

राणीची जोडी होती. सांगितलं नाही अजून.