१२ सीटर ट्रॅव्हलर महिन्याच्या करारावर: 'फुल इन्शुरन्स'मध्ये बंपर नाही!

वापर: बेळगाव ते महाराष्ट्रातली शिनोळी एमआयडीसी, कामगारांची ने-आण, चालक आपला, डिझेल आपलं. गाडीला नावं ठेवायला जागा नाही. सीट, एसी, पिकअप सगळं ठीक, तो विषय इथेच संपला. बोलायचंय विम्यावर, कारण पुढचा बंपर, डावा हेडलाइट आणि रंगकाम असं सगळं डिपॉझिटमधून कापून घेतलंय. मालकाचं उत्तर एकच: "गाडी फुल इन्शुरन्स आहे हो, पण बंपर त्यात येत नाही."

संताप येतो, पण नियम तसाच आहे. सहापेक्षा जास्त प्रवाशांचं पासिंग असलेली पिवळ्या पाटीची गाडी टॅक्सीत मोडत नाही. तिच्या पॉलिसीला आयएमटी (इंडियन मोटर टॅरिफ) २१ हे कलम लागतं. दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, बंपर, हेडलाइट आणि रंगकाम ही सगळी यादी त्यात बाहेर ठेवलेली असते. गाडी पूर्ण बाद झाली तरच ती धरतात. म्हणजे रोज जे घासतं, फुटतं, नेमकं तेच वगळलेलं! वेंगुर्ला रोडवर सुळगा, बाची भागात ऊस हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या असतात. तिथे दरवाजा वाचतो, बंपरचा कोपरा जातो.

यावर उपाय आयएमटी २३. ओन डॅमेज प्रीमियमवर (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठीचा हप्ता) साधारण १५ टक्के जास्त भरले की वगळलेले भाग परत आत येतात. मालक एवढेही वाचवतात. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'पॅकेज' पाहून समाधान मानू नका, एन्डोर्समेंटच्या (जोडकलमांच्या) रांगेत २३ आकडा आहे का ते बघा. 'झिरो डेप आहे ना' या उत्तराला भुलू नका. झिरो डेप फक्त घसारा, म्हणजे भाग जुना झाल्यामुळे क्लेममधून कापायची रक्कम, माफ करतो. जो भाग मुळात वगळलाय, त्याचा घसारा माफ करून हातात काय पडणार?

२३ असूनही पूर्ण पैसे मिळत नाहीत. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, फायबरग्लासवर ३०, काचेवर शून्य. ८,००० चा प्लास्टिक बंपर असेल तर ४,००० धरतात. रंगकामाचं गणित वेगळं. बिलाचा २५ टक्के भाग सामानाचा मानतात आणि त्याच्या निम्मे कापतात. ४,००० च्या रंगाला ५०० ची कात्री. सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची ठरलेली रक्कम, ती वेगळी.

भाडेवाल्यांची 'डॅमेज प्लॅन' नावाची रोजची जास्तीची रक्कम सुरुवातीला शुद्ध लूट वाटली होती. ते मत आता बदललंय, अर्धं तरी. कारण क्लेम न करण्यातच मालकाचा फायदा असतो. एक क्लेम टाकला की त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो. आयतं डिपॉझिट हातात असताना तो सर्व्हेअर कशाला बोलावेल? म्हणून करारात एक ओळ लिहून घ्या: क्लेम टाको न टाको, भाडेकरूकडून फक्त वजावट आणि घसारा एवढंच घ्यायचं. याला मालक तयार नसेल तर प्लॅन घ्या. हा विमा नव्हे, मालकाची लेखी हमी आहे, तेव्हा अपवाद वाचा. टायर, क्लच, चावी आणि गाडीची खालची बाजू बहुतेक बाहेरच असते. गाडी गॅरेजला उभी राहिली त्या दिवसांचं भाडंही बघा, ते साध्या पॉलिसीत मिळत नाही.

खालच्या बाजूचं जरा सविस्तर. पावसाळ्यात खड्ड्यातल्या दगडाने इंजिनखालचं ऑइल चेंबर फुटलं तर तो अपघात, क्लेम बसतो. ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना "शिनोळीपर्यंत जाईल" म्हणून चालकाने गाडी दामटली आणि इंजिन जाम झालं, तर ते परिणामी नुकसान. इंजिन प्रोटेक्ट हे जास्तीचं कव्हर नसेल तर सगळं अंगावर. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल मारला तरी हेच. चालकाला हे कन्नड-मराठी दोन्हींत बजावून ठेवा.

लायसन्सची काळजी नको. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलंय. पण परमिट? केए-२२ (बेळगाव पासिंग) ची गाडी रोज महाराष्ट्रात जाते. परमिट नसताना अपघात झाला तर कोर्ट बहुधा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक मग करारावर बोट ठेवून तुमच्या दारात. एमपरिवहन या सरकारी ॲपवर परमिट, फिटनेस, विमा तिन्हींच्या तारखा दिसतात.

१५ लाखांचा मालक-चालक अपघात विमाही नोंदणीकृत मालकाचा, तुमच्या चालकाला त्यातला रुपया नाही. त्याचा अपघात विमा वेगळा काढा, बंपरच्या किमतीपुढे तो किरकोळ पडतो.

गाडीला चार तारे, कराराला दीड. पुढच्या नूतनीकरणात २३ घालणार असेल तर त्या १५ टक्क्यांतला निम्मा भार उचलायची तयारी आहे. नाहीतर त्याच दरात चालकासकट गाडी बघायची, म्हणजे बंपरही त्याचा आणि चालकही त्याचा.